चेक जास्तीचा आलाय आणि वरचे पैसे परत मागतोय? बँकेत जायच्या आधी हे वाचा

प्रॉब्लेम असा आहे. तुम्ही काहीतरी विकायला टाकता, टेबल, सायकल, जुना कॅमेरा, काहीही. तासाभरात मेसेज येतो, माणूस घ्यायला एका पायावर तयार, भाव करत नाही, बघायला येत नाही, चेक पाठवतो म्हणतो. चेक येतो तो ठरलेल्या रकमेपेक्षा चांगला घसघशीत मोठा, आणि पाठोपाठ मेसेज की अहो चुकून जास्त गेले बघा, तुमचे तुम्ही ठेवा, वरचे अमक्याला पाठवून द्या. ह्याला हाकललं की आठवड्याने दुसरा, नाव वेगळं, गोष्ट तीच. माझ्या एका सोफ्याच्या लिस्टिंगवर असे तीन जण येऊन गेले आणि पहिल्याच्या वेळी मी चेक खिशात घालून बँकेच्या काउंटरपर्यंत पोचलो होतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी उत्तर आधीच: जास्तीचा चेक भरू नका, एक पैसाही कुणाला पाठवू नका, वस्तू देऊ नका, बोलणं थांबवा. "पण समजा खरंच चुकून जास्त लिहिला असेल तर?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. खरंच चूक झाली असेल तर तो माणूस म्हणेल की तो फाडून टाका, मी बरोबर रकमेचा दुसरा देतो. ह्यात त्याचं काहीच जात नाही. जो हे सोडून बाकी सगळं करायला तयार आहे, फक्त दुसरा चेक द्यायला तयार नाही, त्याचा मामला तिथेच कळला.

आता हे होतं कसं ते, कारण ते कळलं नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्यातरी वेषात हीच गोष्ट येईल आणि ओळखू येणार नाही.

खात्यात पैसे दिसणं आणि चेक वटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा खेळ ह्या दोन्हींच्या मधल्या दिवसांचा आहे. तुम्ही चेक भरता तेव्हा तुमची बँक आपल्या विश्वासावर तुमच्या खात्यात रक्कम दाखवते, ती वापरूही देते. तिकडे चेक ज्या बँकेवर काढलाय तिच्याकडे जातो, तिथे कळतं की असं खातंच नाही, किंवा खातं आहे पण चेक त्यांचा नाही, मग तो परत येतो आणि तुमची बँक दाखवलेली रक्कम काढून घेते. मधल्या काळात तुम्ही "वरचे" पैसे पाठवून बसलेले असता, ते खरे असतात, तुमचे असतात. समजा वस्तू ४०० ची, चेक १,९०० चा, तुम्ही १,५०० पाठवले. चेक परत आला की खात्यातून पूर्ण १,९०० जातात, पण त्यातले ४०० मुळात तुमचे कधी नव्हतेच, तुमच्या खिशातून गेले ते १,५००. शिवाय बँकेचा चेक परत आल्याचा चार्ज वेगळा. आणि वस्तू दिली असेल तर वस्तूही गेली.

हे प्रकार जास्त करून अमेरिकेत दिसतात, कारण तिथे खाजगी व्यवहारात चेक अजून चालतो आणि तिथला एक कायदा ह्या लोकांच्या पथ्यावर पडलाय. पूर्वी तिथल्या बँका भरलेला चेक खूप दिवस अडकवून ठेवायच्या, लोक वैतागलेले, म्हणून १९८७ मध्ये कायदा आला की बँकेने ठराविक दिवसांत पैसे वापरायला दिलेच पाहिजेत. त्याच्या नियमांना रेग्युलेशन सीसी म्हणतात. साध्या चेकच्या बाबतीत भरलेल्या रकमेतले पहिले २७५ डॉलर चेक भरल्याच्या पुढच्याच कामाच्या दिवशी (जुलै २०२५ च्या आधी हा आकडा २२५ होता), आणि बाकीचे साधारण त्याच्या पुढच्या दिवशी. कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या पैशावर काढलेला चेक, तुम्ही स्वतः जाऊन काउंटरवर आपल्या खात्यात भरला तर सहसा पूर्ण रक्कम पुढच्याच कामाच्या दिवशी. मोठ्या रकमा, नवीन खातं, संशय असे अपवाद आहेत, पण सर्वसाधारण हे असं. म्हणूनच ह्या लोकांचा कॅशियर्स चेकवर फार जीव. लोकांना वाटतं बँकेचा चेक म्हणजे रोखच, आणि खात्यात पण पटकन दिसतो.

ग्राहकाला पैसे लवकर मिळावेत म्हणून केलेला नियम, आणि त्याच्यावर बसून हे लोक ग्राहकालाच लुटतात, आता काय बोलायचं.

मग चेक खोटा आहे हे लगेच का कळत नाही? तिथे २००४ पासून कागदाच्या ऐवजी चेकच्या फोटोवर व्यवहार व्हायला लागले, त्याने वेग वाढला हे खरं. पण खोट्या चेकवर बऱ्याचदा एखाद्या खऱ्या कंपनीचा खरा खाते नंबर छापलेला असतो. अशा वेळी चेक पहिल्या फेरीत निघूनही जातो, आणि त्या कंपनीच्या हिशेबवाल्या माणसाने स्टेटमेंट बघितलं की बोंब होते. किंवा बँकेचं नाव एक आणि खाली छापलेला नंबर दुसऱ्याच बँकेचा, की चेक आधी चुकीच्या दारात जातो आणि फिरत बसतो. काही आठवडे सहज जातात ह्यात. आणि जबाबदारी तुमची, कारण चेकच्या मागे सही करून भरलात म्हणजे तो चांगला आहे ही हमी तुम्ही दिलीत, "मला माहीत नव्हतं" ह्याला बँकेत काही किंमत नाही.

ओळखायचं कसं ह्यावर येऊ. लोक चेक उन्हात धरून बघतात, नखाने खरवडतात. मी म्हणतो कागद नंतर बघा, आधी बोलणं बघा, कारण कागद चांगल्या प्रिंटरवर छापता येतो, पण बोलण्याची स्क्रिप्ट त्यांना बदलता येत नाही, पैसे परत मागण्याचा सीन आलाच पाहिजे, नाहीतर त्यांचा धंदाच होत नाही.

पहिला मेसेज बघा, त्यात वस्तूचं नाव नसतं. "तुमचा आयटम अजून आहे का, शेवटची किंमत सांगा" एवढंच, कारण तोच मेसेज शंभर जणांना गेलेला असतो. मग लगेच साइटवरून बाहेर काढतात, मला ह्या नंबरवर मेसेज करा, ईमेलवर बोलू. मग चेकवर घालायला पूर्ण नाव आणि पत्ता. फोनवर बोलायला तयार नाहीत, त्याला कारण ठरलेलं, जहाजावर आहे, सैन्यात आहे, परगावी कामावर आहे, कानाचा त्रास आहे. मग येतो तो सामान उचलायला येणारा माणूस, हा ह्या नाटकातला माझा आवडता. "माझे मूव्हर येऊन घेऊन जातील, त्यांचे पैसे पण तुमच्याच चेकमध्ये टाकलेत, तेवढे त्यांना पाठवा." हे ऐकायला इतकं साधं वाटतं की जास्तीच्या रकमेचं कारण आपोआप मिळतं, आणि तुम्ही जे पाठवताय ते "परत" नाहीच, ते बिचाऱ्या मूव्हरची मजुरी आहे असं वाटतं. तो मूव्हर आणि खरेदीदार एकच. माझा सोफा न्यायला कुणीही आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं, सोफा त्यांना नकोच होता. बरेच जण मला म्हणतात की मी वस्तू दिलीच नाही, मग मला काय धोका. धोका वस्तूचा नाहीच हो, वस्तू फक्त तुमच्या दारात यायचं निमित्त.

चेक आला की पाकिटासकट बघा. खरेदीदाराचं नाव एक, चेक तिसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचा, पाकीट चौथ्या गावातून, हा नेहमीचा ढंग. माझ्या पहिल्याच्या वेळी चेक एका बांधकामवाल्या कंपनीच्या नावाचा होता, आणि मी स्वतःच स्वतःला समजावलं की असेल बाबा, ऑफिसच्या खात्यातून देत असेल. हे आपलं आपणच कारणं शोधून देणं फार वाईट. जिथे तुम्ही त्याच्या वतीने उत्तर तयार करायला लागलात तिथे थांबा.

आणि घाई. चेक भरला की स्लिपचा फोटो पाठवा, आजच पैसे पाठवा, मूव्हर उद्या निघतायत. घाई का, तर चेक परत यायच्या आत तुमचे पैसे निघाले पाहिजेत. पाठवायचे मार्ग पण असेच, वायर (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट पैसे पाठवणं), गिफ्ट कार्डचे नंबर, क्रिप्टो, पैसे लगेच पोचवणारं ॲप, जिथून गेलेलं सहसा परत येत नाही. साध्या चेकने परत पाठवतो म्हणून बघा एकदा, काय चिडतात.

कागद बघायचाच असेल तर पटकन सांगतो, हे सगळं अमेरिकेतल्या चेकबद्दल. खालचा बँकेचा राउटिंग नंबर ९ आकडी असतो, तो आणि बँकेचं नाव जुळतंय का बघा. चेकबुकातून फाडलेल्या चेकची निदान एक कडा खरखरीत असते, घरी छापून कापलेल्याच्या चारही बाजू गुळगुळीत. खालच्या आकड्यांची शाई मंद दिसते, लखलखीत चमकत असेल तर शंका घ्या. तिथल्या पोस्टाची मनीऑर्डर पाठवली असेल तर देशातल्या देशात एका मनीऑर्डरची मर्यादा १,००० डॉलर आहे, त्याच्यावरचा आकडा छापलेला असेल तर पुढे बघायचीही गरज नाही, आणि उजेडात धरल्यावर बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा वॉटरमार्कमध्ये दिसला पाहिजे. पण नीट ऐका, ह्यातली एक जरी गोष्ट चुकली तर चेक खोटा समजा, सगळ्या बरोबर आल्या म्हणून चेक खरा समजू नका. एवढं उलटं लक्षात ठेवून बरेच जण फसलेत.

बँकेला फोन करून विचारायचं असेल तर जिने चेक काढलाय त्या बँकेला करा, आणि नंबर चेकवरचा घेऊ नका. चेकवर छापलेला नंबर त्यांच्याच साथीदाराचा असू शकतो, तो उचलतो आणि "हो हो, आमचाच चेक आहे" म्हणतो. बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर काढा, चेकचा नंबर, रक्कम आणि कुणाच्या नावे हे तिन्ही सांगून विचारा.

आणि आपल्या बँकेत विचारताना प्रश्न नीट विचारा, इथे मी चुकलो होतो. मी काउंटरवर विचारलं, हा भरला तर पैसे कधी मिळतील, तिथल्या माणसाने सांगितलं उद्या. मला वाटलं म्हणजे उद्या कळेल खरा की खोटा. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, मी चुकीचं विचारलं होतं. "पैसे आलेत का", "क्लियर झाला का", "काढता येतील का" ह्या सगळ्यांचं उत्तर "हो" येऊ शकतं आणि तरी चेक तीन आठवड्यांनी परत येऊ शकतो. विचारायचं ते असं, की ज्या बँकेवर चेक काढलाय तिने रक्कम दिली आहे का, आणि हा चेक अजून परत येऊ शकतो का. मला मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी वाचवलं, त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि सरळ विचारलं, किती जास्तीचा आहे?

कायमचा उपाय पाहिजे असेल तर एवढं करा. शक्य असेल तर समोरासमोर आणि रोख. रक्कम मोठी असेल, गाडी वगैरे, तर खरेदीदाराच्या बँकेत त्याच्याबरोबर जा आणि तुमच्या डोळ्यांसमोर काउंटरवर कॅशियर्स चेक काढून घ्या, खरा माणूस ह्याला हरकत घेत नाही, उलट त्यालाही बरं वाटतं. लिस्टिंगमध्येच लिहा की ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त कुठल्याही प्रकारे घेणार नाही. आणि एक माझी खोडी सांगतो, संशय आला की वस्तूबद्दल चुकीचं काहीतरी विचारा. मी दुसऱ्या माणसाला विचारलं, चार खुर्च्यांसकट पाहिजे ना? सोफ्याच्या लिस्टिंगवर खुर्च्या कुठून येणार, पण तो म्हणाला हो, सगळ्या पाहिजेत. तिथेच ब्लॉक.

चेक नसलेले अवतारही आहेत, ते थोडक्यात. ईमेल येतो की तुमचं पेमेंट आलंय पण अडकलंय, खातं बिझनेस करावं लागेल, त्यासाठी खरेदीदाराने वर ३०० भरलेत, तेवढे परत करा मग सगळं सुटेल. झेल ह्या अमेरिकेतल्या पैसे पाठवायच्या सेवेच्या नावाने हा प्रकार बराच फिरलाय. ईमेलवर विश्वास ठेवू नका, तिथल्या लिंकवरून पण जाऊ नका, स्वतः ॲप उघडून बॅलन्स बघा, तिथे काही आलेलं नसतं. दुसरा प्रकार, ॲपवर खरंच जास्त पैसे येतात, पण ते चोरलेल्या कार्डाचे किंवा चोरलेल्या खात्याचे. तुम्ही वेगळा व्यवहार करून परत पाठवता, मग मूळ मालक तक्रार करतो आणि आलेली पहिली रक्कमही ओढली जाते, म्हणजे तुम्ही परत पाठवलेले तुमच्या खिशातून गेले. असं झालं तर स्वतः पाठवू नका, ॲपवाल्यांना किंवा बँकेला सांगा की आलेला व्यवहार तुम्हीच उलटा फिरवा. तिसरा थोडा वेगळा आहे पण ह्याच लोकांकडून येतो, "तुम्ही खरे आहात का बघायला एक कोड पाठवलाय, तो सांगा." तो ६ आकडी कोड तुमच्या नंबरवर त्यांचं खातं उघडायला लागतो. देऊ नका.

आता ज्यांचं आधीच काहीतरी होऊन बसलंय त्यांच्यासाठी.

चेक भरलाय पण पैसे पाठवले नाहीत: तुम्ही सुटलात असं समजा. आजच बँकेत जाऊन, चेक परत यायची वाट न बघता, स्वतःहून सांगा की मला हा खोटा वाटतोय, मेसेज दाखवा. खात्यात दिसणाऱ्या त्या रकमेला हात लावू नका. तुम्ही आधी सांगितलंत ह्याची नोंद राहिली पाहिजे, नाहीतर खोटा चेक भरणारा म्हणून तुमच्याकडेच बोट जातं, खातं बंद होऊ शकतं, आणि अमेरिकेत तर खातं उणे सोडून दिलं की चेक्ससिस्टम्स नावाच्या यादीत सहसा ५ वर्षं नाव राहतं आणि दुसरी बँक खातं उघडून देताना खळखळ करते.

पैसे पाठवलेत: इथे तास मोजायचे, दिवस नाही. वायर केली असेल तर बँकेच्या फ्रॉड विभागाला फोन करून ती परत बोलवा म्हणा, कधीकधी समोरून काढलेली नसते. वेस्टर्न युनियनसारख्या कंपनीतून पाठवले असतील तर त्यांनाही लगेच फोन, समोरच्याने उचलले नसतील तर थांबवता येतात. गिफ्ट कार्ड असेल तर कार्ड आणि पावती दोन्ही ठेवा, कार्डवाल्या कंपनीला सांगा, बॅलन्स शिल्लक असेल तर गोठवता येतो. क्रिप्टो असेल तर ज्या एक्स्चेंजवरून गेलं त्यांना. मग तक्रार: अमेरिकेत एफटीसी (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं) आणि एफबीआयचं आयसी३ (इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या तक्रारी घेणारा विभाग), चेक पोस्टाने आला असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस पण, आणि जिथे लिस्टिंग होती त्या साइटवर रिपोर्ट. दुसऱ्या देशात असाल तर तिथली सायबर पोलीस यंत्रणा. चेक, पाकीट, त्याच्यावरचा ट्रॅकिंग नंबर, सगळे मेसेज जपून ठेवा, रागाने फाडून टाकू नका.

ह्यानंतर महिन्याभरात कुणीतरी फोन करून म्हणेल की तुमचे बुडालेले पैसे आम्ही काढून देतो, थोडी फी आधी भरा. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, तुमचा नंबर तिथूनच गेलेला असतो. फी भरू नका.

शेवटची शंका बऱ्याच जणांची, चेक भरला नाही आणि उत्तर पण दिलं नाही तर तो धमक्या देतो, माझे पैसे हडपलेस, पोलिसात जातो, वकील पाठवतो, त्याचं काय करायचं. माझ्या तिसऱ्याने तर एफबीआयचं नाव घेतलं, एका दिवसात अकरा मेसेज. काही करायचं नाही. न भरलेल्या चेकचे तुमच्याकडे कसलेच पैसे आलेले नसतात. मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, तक्रारीला जोडले, नंबर ब्लॉक केला.